उरल्याचा डबा

रविवार, १२ ऑक्टोबर.

सकाळी नऊला गॅरेज उघडलं. आज एकच गाडी घेतली होती. चारही चाकांचं ब्रेक तेल बदललं, क्लचचं बदललं. दोनला गाडी दिली, शटर ओढलं आणि घरी आलो. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पूर्णेला गेली आहे. घरात मी एकटाच आहे.

उस्ताद,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्या मयतीला मी खांदा दिला, मूठभर माती दिली. त्यानंतर मनातल्या मनातसुद्धा तुमच्याशी कधी बोललो नाही. आज लिहायला बसलो, कारण आज मला तुमची किळस आली. शब्द जड आहे, मला कळतं. दुसरा सापडला असता तर तो लिहिला असता. राग आला असता तर मी गप्प बसलो असतो. राग मला गिळता येतो, हे तुम्हालाही माहीत होतं. ही गोष्ट तशी नाही.  तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, उर्दू तेवढं यायचं. कंपनीची पत्रकं, डब्यावरच्या सूचना मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. म्हणजे हे पत्र तुमच्या हयातीत लिहिलं असतं तरी मलाच ते वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्याने झालं नसतं.

आज आलेली गाडी इथल्याच एका दातांच्या डॉक्टरची. वय पस्तीसच्या आसपास, हसतमुख, जरा बडबड्या. त्याची छोटी गाडी आहे आणि वर्षातून दोनदा तो ती दक्षिणेत घेऊन जातो. तिकडे गाड्या पळवण्यासाठीच बांधलेला वळणावळणाचा बंद रस्ता असतो, त्याला ट्रॅक म्हणतात. लोक तिथे आपापली गाडी घेऊन जातात आणि जीव खाऊन पळवतात. कोणाशी शर्यत नसते. तुम्ही असता तर म्हणाला असता, इथल्या रस्त्याला खड्डे कमी पडले काय. पण त्या रस्त्यावरच्या एका फेरीत ब्रेकला जेवढं सोसावं लागतं, तेवढं जिंतूरहून परभणीला येईपर्यंतसुद्धा लागत नाही. चाकाच्या आतली चकती लाल होते, आणि ती आग चकतीला घासणाऱ्या पॅडमधून पुढे सरकत तेलात उतरते. ब्रेक तेलाची खोड अशी की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. सीलबंद डब्यातलं ताजं तेल सहजासहजी उकळत नाही. पाणी मुरलेलं तेल मात्र लवकर उकळतं. नळीत वाफ धरते, ती नुसतीच दाबली जाते, आणि पेडल रिकामं खाली जाऊन टेकतं. गाडी अर्धा तास उभी राहून गार झाली की वाफेचं परत तेल होतं, पेडल पहिल्यासारखं कडक लागतं. मग कोणी काही सांगितलं तरी कोणाला पटत नाही.

डॉक्टर शुक्रवारी आला तेव्हा पुढचा बंपर तारेने बांधलेला होता. उतरल्या उतरल्या म्हणाला, "मिस्त्री, आपण काही ड्रायव्हर नाही. आपण दात उपटलेले बरे." तिसऱ्या फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, त्याचं ब्रेकचं पेडल खाली गेलं. गाडी वळणाबाहेर जाऊन खडीत रुतली. त्याआधी एकदा क्लचचं पेडलही खालीच चिकटून राहिलं होतं. तिथे शिकवणाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं की तुला ब्रेक मारायची अक्कल नाही, तू पाय ठेवूनच बसतोस, म्हणून तेल उकळलं. "बरोबरच असेल त्याचं," डॉक्टर म्हणाला. "बायको म्हणते दोन लेकरं आहेत, पुरे झाली हौस, विका गाडी. मलाही वाटतं, आपल्याला नाही जमत हे. पण विकायच्या आधी तेल तेवढं बदलून द्या. घेणाऱ्याला तरी चांगली मिळू द्या."

घेणाऱ्याला तरी चांगली मिळू द्या. ते ऐकताना मी हातातल्या फडक्याची दोनदा घडी घातली आणि दोनदा उलगडली. मागच्या महिन्यात तेल मीच बदललं होतं. मागच्या दोन चाकांत नव्या डब्यातलं घातलं. पुढे येईपर्यंत डबा संपला. मग फळीवरून आपला तो दुसरा डबा काढला आणि पुढची दोन चाकं आणि क्लच त्यातून केले. ब्रेकचा सगळा जोर पुढच्या चाकांवर येतो. हे मला शिकवणारे तुम्हीच.

आपला डबा म्हणजे उरल्याचा डबा. तुमच्या जिंतूरच्या गॅरेजात तो पाण्याच्या माठाच्या वरच्या फळीवर असायचा. कोणत्याही डब्यात घोटभर तेल उरलं की त्यात ओतायचं. वर पॉलिथिन, पॉलिथिनवर रबर. गाड्यांतून काढलेलं तेलसुद्धा तुम्ही सलाईनच्या बाटलीत दोन दिवस ठेवायचात, गाळ खाली बसला की वरचं जुन्या बनियनच्या फडक्यातून गाळून त्याच डब्यात टाकायचात. ते फडकं दोरीवर वाळत असायचं. तुमच्या घरच्या कपड्यांच्या शेजारी. त्याच्यावरचा तपकिरी ओघळ मी रोज पाहिला आहे आणि तेव्हा मला काही वाटलं नाही, हेही लिहायला हवं.

मी नवा होतो, आयटीआय करून आलेलो. पहिल्या महिन्यात एकदा डब्यावरचं छापील तुम्हाला वाचून दाखवलं, की डबा उघडल्यावर तेल लवकर वापरावं, झाकण घट्ट लावावं, हे तेल हवेतलं पाणी शोषतं. तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात आणि समोरच्या पंक्चरवाल्याला हाक मारलीत. "सुनो मियाँ, तेल पाणी पितंय म्हणे! हमारे आयटीआयको प्यास लागली हाय, ग्लासभर पाणी द्या त्याला." तो खरंच ग्लास घेऊन आला. सगळे हसले, मीही हसलो, आणि पाणी प्यालो. त्या दिवसापासून माझं नाव आयटीआय पडलं. परत मी डब्यावरचं काही वाचलं नाही.

आणि हेच तुम्ही, एकदा मी डिझेलच्या हाताने ब्रेकच्या रबराला हात लावला म्हणून ओलं फडकं माझ्या तोंडावर मारलं होतंत. "सोड्याने हात धुऊन ये. रबर फुगलं तर माणसं मरतात, मालूम हाय का?" मी तीनदा हात धुतले होते. त्याच वर्षी ईदला तुम्ही मला दहा नंबरचा पाना दिलात. निप्पलची, म्हणजे चाकापाशी तेल सोडायच्या बोंडाची, कड झिजू नये म्हणून त्याचं तोंड तुम्ही स्वतः घासून बारीक केलं होतं. तसा पाना बाजारात मिळत नाही. मी अजून तोच वापरतो. तुमचा हात किती साफ होता हे मी माझ्याकडे शिकायला आलेल्या सगळ्यांना सांगत आलो आहे. डब्याचं कोणालाच सांगितलं नाही. तो त्यांना माझ्याही फळीवर दिसायचाच.

ती काळी-पिवळी जीप. जिंतूर ते येलदरी चालायची. तिचा ड्रायव्हर चारठाण्याकडचा, घरी शेळ्या, स्वभावाने गरीब. त्याने ब्रेक हलका लागतो म्हणून सकाळी गाडी आणली, तुम्ही दुसऱ्या गाडीच्या खाली होता, तिथूनच ओरडलात, "आयटीआय, उरल्याच्या डब्यातून भर आणि सोड तिला." मी भरलं. चारही चाकांतून तुमच्या पद्धतीने हवा काढली, ते गाळलेलं तेल आत गेलं. संध्याकाळी येलदरीच्या उतारावर पेडल खाली गेलं. ड्रायव्हरने जीप बाजूच्या रानात घातली म्हणून माणसं वाचली. एका म्हातारीचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिथे गेलो. तुम्ही, मी, जीपचा मालक आणि तो ड्रायव्हर. जीप ज्वारीच्या ताटांत तिरपी उभी होती. तुम्ही आत बसलात आणि पेडल तीनदा दाबलंत. रात्रभर गार झालेलं पेडल. "लोखंडासारखं हाय," तुम्ही म्हणालात. "ब्रेकमध्ये काही खराबी न्हाई. झोप लागली असंल भाद्दराला."

"उस्ताद, पेडल खाली गेलतं ओ," तो म्हणाला. "लेकराची आन."

"मग आता वर कसं आलं? जिनानं आणलं का?"

मालक हसला आणि हसता हसता त्याने ड्रायव्हरच्या कानाखाली वाजवली. मी जीपच्या पलीकडे उभा होतो. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. फार नाही, जेवढं पाहायला हवं तेवढं.

मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं की तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही शाळा शिकला नव्हता, वाफ आणि पाणी तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, तुम्ही पेडल दाबलंत आणि जे लागलं ते सांगितलंत. पण गॅरेजात परत आल्यावर तुम्ही काय केलंत ते मी पाहिलं. फळीवरचा डबा काढलात, मागच्या नालीवर गेलात, सगळा ओतलात, डबा चेपून भंगारात टाकलात. हात धुतलेत. मला म्हणालात, "चहा सांग." बस्स. माहीत नसलेला माणूस डबा ओतत नाही. पंधरा दिवसांनी नवा डबा त्याच फळीवर होता. वर पॉलिथिन, वर रबर. मला खरी किळस येते ती त्या दुसऱ्या डब्याची. पहिल्याला अडाणीपणा म्हणता आलं असतं.

त्या ड्रायव्हरला परत कोणी गाडी दिली नाही. झोपणारा ड्रायव्हर म्हणून नाव झालं की तालुक्यात कोणी चावी देत नाही. दिवाळीनंतर तो मला स्टँडवर दिसला. बायको, गाठोडी, भांड्यांचं पोतं, वर बांधलेले दोन कोयते. ऊसतोडीला निघाला होता. मला पाहून जवळ आला. रागावलेला नव्हता.

"आयटीआय, तू शिकलेला माणूस हायस. तुला तरी वाटतंय का मी झोपलो व्हतो?"

मी म्हणालो, "मला काय माहीत. मी कुठं व्हतो तिथं."

तो हो म्हणाला. खरंय म्हणाला. मग ट्रक आला आणि ते चढायला लागले. मी पोतं वर द्यायला हात लावला. तो मला "ऱ्हाऊ दे, कपडे खराब व्हतील" म्हणाला. माझे कपडे आधीच काळे होते.

आता आजचं. डॉक्टर गाडी घेऊन आला. रविवार म्हणून गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं, तर पेडल दाबायला तोच बसला. मी नवे, सीलबंद तीन डबे आणून ठेवले होते. वरच्या टाकीतलं जुनं तेल सिरिंजने ओढून काढलं, नवं भरलं आणि सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापाशी बसलो. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. त्याने "दाबलं" म्हणायचं, मी पाना फिरवायचा, तेल येऊ द्यायचं, बंद करायचं, "सोडा" म्हणायचं. "सोडलं." परत. त्याला मजा वाटत होती. "असं आम्ही पेशंटला म्हणतो," तो वरून म्हणाला. "आ करा. मिटा. आ करा. थुंका."

मागच्या दोन्ही चाकांतून स्वच्छ पिवळं तेल आलं. पुढच्या डाव्यातून आलं ते तंबाखूच्या पिंकेसारखं. नळीत तांबूस-काळी धार उतरताना मी पाहत बसलो. डॉक्टरने दार उघडून वाकून पाहिलं. "मिस्त्री, मागचं तर केवढं साफ होतं. पुढचं असं कसं?"

"पुढचं जास्त तापतं," मी म्हणालो.

हे खोटं नाही. पुढचं जास्त तापतंच. कोणालाही विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं. आणि बोलताना माझा आवाज मला ऐकू आला, उस्ताद, तो तुमचा होता. लोखंडासारखं हाय. तोच सपाटपणा, तेच दुसरीकडे बघत बोलणं. तिथेच मला तुमची किळस आली. आणि माझ्याच तोंडातून आली, म्हणून पुसताही येईना.

पुढच्या उजव्या चाकाला बसलो तेव्हा त्याचा पाय माझ्यापासून हातभर अंतरावर होता, मध्ये फक्त पत्रा. तो म्हणाला, "दाबलं." मी पाना निप्पलला लावला आणि फिरवला नाही.

"डॉक्टर, मागच्या वेळी पुढच्या दोन चाकांत आणि क्लचमध्ये मी उघड्या डब्यातलं तेल घातलं होतं. जूनमध्ये उघडलेलं. सगळा पावसाळा ते फळीवर होतं. त्याने पाणी ओढलेलं होतं, म्हणून ते उकळलं. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही गाडी विकू नका."

 पेडल दाबलेलंच होतं. तो म्हणाला, "सोडू का?"

"नका. धरा." मी पाना फिरवला, धार आली, बंद केलं. "आता सोडा."

"सोडलं." मग म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पाणी ओढतं, उकळतं, हे सगळं माहीत होतं?"

"आयटीआयपासून."

"मग का घातलंत?"

आम्ही दोघं एकमेकांना दिसत नव्हतो, ते बरं होतं. मी म्हणालो, "आमच्या उस्तादांची पद्धत होती ती. उरलेलं फेकायचं नाही. हाताला सवय लागली."

 तो तोंडाने हवा सोडल्यासारखा हसला. "कुठे असतात तुमचे उस्ताद? एकदा आणा त्यांना माझ्या खुर्चीत. सगळे दात काढतो, भूल न देता."

"गेले," मी म्हणालो.

"सुटले," तो म्हणाला. "दाबलं."

क्लच शेवटी राहिला. क्लचमधली हवा काढताना पेडल आपणहून वर येत नाही, दर वेळी हाताने ओढून वर आणावं लागतं. तो वाकून, बाही सरसावून ते ओढत होता. मी बॉनेटमधून गिअरबॉक्सवरच्या निप्पलपर्यंत हात घालून होतो. आलेलं तेल काळं होतं, त्यात रबराचे बारीक कण. तो उतरून आला, बाटली उचलून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "नासलेला दात उघडला की असा वास येतो," म्हणाला. मी बाटली घेऊन बाजूला ठेवली. नळीतून स्वच्छ तेल यायला लागल्यावरसुद्धा मी अजून अर्धा डबा सोडला. त्याने थांबवलं नाही.

दोघं मिळून बायपासपर्यंत गाडी फिरवून आणली. रिकाम्या रस्त्यावर त्याने चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारला. दर वेळी मी पुढे झुकायचो आणि सीटच्या पट्ट्याने मागे ओढला जायचो. शेवटी म्हणाला, "तिथे सगळ्यांसमोर ऐकून घेतलं मी. तीन दिवस गाडी चालवत घरी आलो, प्रत्येक टोलनाक्यावर स्वतःला शिव्या देत. लेकरांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."  गाडी घेऊन निघताना त्याने काच खाली केली. "विकणार नाही बहुतेक. तुमच्याकडे परत येईन का, ते आत्ता सांगत नाही."

मी हो म्हणालो.

तो गेल्यावर मी फळीवरचा डबा काढला. त्यात अजून बोटभर तेल होतं. भंगारवाल्याच्या काळ्या तेलाच्या पिंपात ओतलं. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. तुमच्या डब्यात गाड्यांतून काढलेलं तेल असायचं, माझ्या डब्यात फक्त नव्या डब्यांतलं उरलेलं. एवढ्या फरकावर मी इतकी वर्षं स्वतःला तुमच्यापेक्षा शहाणा समजत होतो.

मघाशी लिहिलं की तुमची किळस आली. ते मागे घेत नाही. जीपचं पेडल तुम्ही दाबलंत आणि खोटं तुम्ही बोललात. ते तुमचं आहे. पण मागच्या महिन्यात नवा डबा संपला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. स्पेअरपार्टचं दुकान उघडं होतं, मोटरसायकलने पाच मिनिटं. नुकता पाऊस होऊन गेला होता, रस्त्यात चिखल होता, मी सकाळीच धुतलेले कपडे घातले होते. तेवढ्यासाठी मी गेलो नाही. त्या वेळी मला तुमची आठवणसुद्धा नव्हती, पद्धतीची नाही की सवयीची नाही. डॉक्टरने का म्हणून विचारलं तेव्हा मात्र तुम्ही लगेच आठवलात. त्याला चिखलाचं सांगितलं नाही.

आणि तो चारठाण्याचा ड्रायव्हर जिवंत आहे की गेला, हे मी कधी विचारलेलं नाही. विचारणं अवघड नाही. इथून बस जाते.

हे पत्र घडी घालून कुठेतरी ठेवीन. ज्वारीचं पीठ परातीत काढून ठेवलं आहे, पाणी गरम झालं आहे. भाकरी मला नीट थापता येत नाही, कडेला चिरते. तवा ठेवतो.